बिडरी म्हणजे सोडा

तनू, ये बघू इकडं. पत्र असलं म्हणून काय झालं, अशी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस आणि तो फोन पालथा घाल. मी रागावलेय तुझ्यावर, लटकं नव्हे, खरंच. दिवाळीला आलीस तेव्हा आजोबांचं ताट आधी वाढलं म्हणून मला केवढं सुनावलंस. बायका स्वतःला दुय्यम समजायचं कधी थांबवणार, म्हणालीस. कॉलेजात ह्याच विषयावर बोलून बक्षीस आणलंस तेही सांगितलंस. खोटं कशाला बोलू, मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. म्हटलं, पोरगी तोंडाची तिखट निघाली, आपल्या घराण्यावर गेली. आणि मग जेवताना तुझा फोन वाजला. तू माझ्या खांद्याला खांदा लावलास, आजी जरा इकडं बघ म्हणालीस आणि फोटो काढलास. मला वाटलं, आठवणीला काढला. थोड्या वेळानं फोन परत वाजला, तेव्हा तू मागचं कॅलेंडर दिसेल असा आणखी एक काढलास. हे काय गं, म्हणून मी विचारलं, तर म्हणालीस, "मी कुठं आहे ते त्याला बघायचं असतं. काळजी करतो गं तो." ताटात भाकरी गार झाली. मी तेव्हा गप्प बसले, कारण घरात पाहुणे होते, आणि मला जे सांगायचं होतं ते आमटी वाढता वाढता सांगण्यासारखं नव्हतं. ते आता लिहून काढते. तो मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला पाहिलेलंही नाही. मी सांगणार आहे ते मालनआक्काचं. तू तिला कंग्राळीची जाडी आजी म्हणून ओळखतेस, जी हसली की चहाच्या कपबश्या हलतात. ती माझी थोरली बहीण. आमच्या लहानपणी ती कशी होती ते तुला कुणी सांगितलेलं नाही.

आमचं घर निपाणीत, तंबाखूच्या वखारींच्या मागल्या गल्लीत. आप्पा, म्हणजे आमचे वडील, वखारीत तोलारी करायचे. दिवसभर काट्यापुढं उभं राहून मालाची बोचकी तोलायची, म्हणून की काय घरात त्यांचं बोलणंही तोलूनमापूनच असायचं. हंगामात त्या गल्लीत पाय ठेवला की नवख्या माणसाला शिंकांवर शिंका यायच्या. आम्हाला काही होत नसे. आमच्या भाकरीला तंबाखूचा वास, उशीला तंबाखूचा वास, शाळेच्या पाटीला सुद्धा. घरापुढं दगडी कट्टा होता आणि त्या कट्ट्यावर गल्लीतल्या बायका बिड्या वळायला बसायच्या. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला जर्दा आणि दुसऱ्या बाजूला भिजवून कापलेली पानं. कात्र्यांचा कचकच आवाज सकाळपासून सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. हात असे चालायचे की बघणाऱ्याला बोटं दिसू नयेत, आणि तोंडं त्याहून जोरात. कुणाच्या सासूचं, कुणाच्या नणंदेचं, कारखान्याच्या त्या मेल्या तपासनिसाचं, जो चांगल्या बिड्यासुद्धा नापास करून टाकायचा. दुपारी कुणी खर्डा आणायचं, कुणी शेंगांची चटणी. राखेनं हात घासून सगळ्या एकाच परातीत जेवायच्या. राखेनं घासूनही बोटांचा कडूपणा जायचा नाही. मला आजही एखादी भाकरी फार चांगली लागली की त्यात तो कडूपणा नाही ह्याचंच थोडं वाईट वाटतं.

मालनआक्का त्या कट्ट्याची राणी. मी शाळेतून आले की वळणावरूनच तिचं हसू ऐकू यायचं. हसताना ती मान मागं टाकायची, आणि सुपातला जर्दा उडेल म्हणून आई ओरडायची. मला सगळं तिच्यासारखं हवं असायचं. तिची वेणी, तिच्या वेणीतली अबोली, बोटात घातलेल्या पत्र्याच्या नखीनं बिडीचं तोंड दुमडण्याची तिची ऐट.

आमच्या मागल्या खोलीत निंगव्वा भाड्यानं राहायची. ती चिकोडीच्या पलीकडच्या खेड्यातली, बोलणं सगळं कानडी. नवरा आप्पांच्याच वखारीत हमाल. मराठी ती आमच्या कट्ट्यावर शिकली आणि आमच्या मराठीची तिनं पार उलथापालथ करून टाकली. "माझा नवरा आली, जेवली आन् झोपली," असं ती सांगायची आणि सगळ्या बायका सुपं सावरत हसायच्या. ती राहायला आली त्या पहिल्या दिवशी आईनं तिला जेवायला बसवलं. आई वाढायला लागली की थांबत नसे. निंगव्वानं ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाली, "बिडरी, बिडरी." म्हणजे सोडा, राहू द्या. आईला तेव्हा कानडी जेमतेम येत होतं. तिला वाटलं, बाईला जेवणावर बिडी लागत असेल, खेड्यातल्या म्हाताऱ्या ओढतातच की. आईनं तोंडावरची रेघ हलू न देता सुपातली एक निवडक बिडी उचलली आणि काड्याच्या पेटीसकट तिच्या ताटाच्या कडेला ठेवली. निंगव्वा त्या बिडीकडं बघत राहिली आणि मग अशी हसली की तिला ठसका लागला. तेव्हापासून आमच्या घरात 'सोडा'ला बिडरी हाच शब्द झाला. आईनं तेल लावायला केस ओढले की बिडरी. आत्यानं लग्नाचा विषय काढला की बिडरी. कट्ट्यावरच्या बायकाही म्हणायला लागल्या. एकमेकीला दुखवायचं नाही, पण नको तर आहे, अशा वेळेला तो शब्द फार सोयीचा पडायचा.

मग विलास आला. मूळचा कराडकडचा, बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात टर्नर म्हणून नवीनच लागलेला. कानडी त्याला ओ का ठो कळत नव्हतं. उंच, गोरटेला, इस्त्रीचा शर्ट, बुडाखाली फटफटी. तो आक्काला बघायला आला तेव्हा शेजारची शेळी दारातून आत घुसली आणि पाहुण्यांच्या पोह्यांत तोंड घालून मोकळी झाली. आईनं कपाळाला हात लावला. आक्का मात्र मान मागं टाकून हसली. आम्हाला वाटलं, मोडलं आता. पण विलास तिच्याकडं बघत राहिला आणि बरोबर आलेल्या आपल्या मामाला म्हणाला, "मला अशीच हसरी पायजे हुती." साखरपुडा झाला, लग्न उन्हाळ्यात ठरलं, आणि दर रविवारी फटफटीचा आवाज गल्लीत येऊ लागला. येताना तो बेळगावचा कुंदा आणायचा. निंगव्वाचा स्टोव्ह बंद पडला तर शर्टाच्या बाह्या वर करून दुरुस्त करून द्यायचा. मला तो फार आवडायचा. सांगायचं एवढ्यासाठी की हा माणूस गोष्टीतला दुष्ट नव्हता.

पहिल्यांदा तो अबोलीवर बोलला. रस्त्यावरची माणसं बघत्यात, नको माळत जाऊ. तिनं सोडली. मग शिवणक्लासचे मास्तर पुरुष आहेत असं त्याला कळलं, क्लास बंद. मग मैत्रिणींबरोबर सिनेमा बंद. मग म्हणाला, कट्ट्यावर बसायचंच असेल तर रस्त्याकडं पाठ करून बस. आक्का भिंतीकडं तोंड करून बसू लागली. स्वतःच्याच सावलीत पानं कापायची, त्यामुळं पानं वाकडी कापली जायची, बिड्या नापास व्हायच्या. आणि कट्टा काय म्हणत होता सांगू? कट्टा म्हणत होता, नशीब काढलं पोरीनं. किती जीव लावतोय. एक म्हातारी म्हणाली, मी विहिरीत पडले असते तरी माझ्या नवऱ्याला ते जेवायच्या वेळेलाच कळलं असतं. सगळ्या हसल्या आणि हसता हसता खाली सुपात बघायला लागल्या, कारण बहुतेकींची तीच तऱ्हा होती. ज्यांच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही त्यांना कुणीतरी सारखं बघतंय हे भाग्यच वाटणार. मलाही वाटायचं. मी देवाकडं असलाच नवरा मागत होते, फटफटीसकट. एकटी निंगव्वा पान कापता कापता म्हणाली, "तुमचा जावई लई चांगली हाय. म्हैस राखत्यात तशी राखती." पुन्हा हशा झाला. मी आक्काकडं बघितलं. ती भिंतीकडं तोंड करून पान कापत होती. तिची मान हलली नाही.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी आईनं आम्हाला कासाराकडं पाठवलं. लग्नाला वेळ होता, पण आत्याकडच्या ओटीभरणाला नव्या बांगड्या हव्यात म्हणून. मी, आक्का आणि निंगव्वा गेलो. मिरच्यांच्या ढिगांपलीकडं कासारमामांचं दुकान असायचं, दुकान म्हणजे काय, पाल बांधलेलं. गावातल्या सगळ्या बायांचे हात त्यांना पाठ. कुणाच्या हाताला कुठली बांगडी चढेल ते दुरून बघून सांगायचे. म्हातारा माणूस, आमच्या आईलाही त्यांनीच लग्नात चुडा भरलेला. त्यांनी साबणाचं पाणी लावून आक्काचा हात दाबला, आणि बांगडी नेमकी अंगठ्याच्या हाडाशी अडकलेली असताना बाजूनं एक हात आला आणि त्यानं आक्काचं मनगट धरलं. विलास. त्या दिवशी त्याला सुट्टी होती, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. तो आमच्या घरी गेला होता, बाजारात गेल्यात असं कळलं, तसाच आला होता. त्याच्याकडच्या कासारणी घरी येऊन बांगड्या भरत असाव्यात, कोण जाणे. त्याला दिसलं ते एवढंच, की त्याच्या होणाऱ्या बायकोचा हात भर बाजारात परक्या पुरुषाच्या हातात आहे. "ऊठ," तो म्हणाला, आणि ओढलं. बांगडी ना आत जाते ना बाहेर येते. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. चारचौघांत होणाऱ्या नवऱ्याला 'सोडा' म्हणायला तिची जीभ वळेना. जो शब्द घरात रोज तोंडात होता तोच बाहेर पडला.

"बिडरी," ती म्हणाली.

विलासचा चेहरा उतरला. "बिडी?" तो म्हणाला. "तू बिडी मागतीस? हितं? माझ्याकडं?" आणि मग हळू आवाजात, जणू आता सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं, "तू बिड्या वढतीस व्हय?"

मिरचीवाली बाई कानडी होती, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिच्या शेजारणीनं तिला विचारलं, मग तीही. हां हां म्हणता सगळी ओळ हसत होती. कासारमामांनी शांतपणे सांगितलं, "दाजी, बिडी न्हवं. सोडा म्हणत्यात त्या, कानडीत. सोडा हात, बांगडी फुटून काच लागंल पोरीला." विलास लालेलाल झाला. पण हात त्यानं सोडला नाही. मला वाटतं त्याला आता सोडवेना, इतक्या लोकांसमोर. तो आक्काला म्हणाला, "मराठीत बोल की मग." आक्कानं वर बघितलं. किती तरी दिवसांनी तिचं तोंड मला पुरतं दिसलं. ती म्हणाली, "सोडा." मोठ्यानं नाही, पण मिरच्यांच्या पलीकडं ऐकू जाईल इतपत. कुणी हसलं नाही. त्यानं हात सोडला.

आणि मग तिनं काय केलं ते ऐक, तनू, कारण मी आयुष्यभर ते कुणाकुणाला सांगत आले आहे. ती उठली नाही. तिनं हात पुन्हा कासारमामांपुढं धरला. म्हणाली, "भरा मामा." आणि विलास तिथं उभा असताना तिनं एक एक करून सगळ्या बांगड्या भरून घेतल्या, आधी एक हात, मग दुसरा. घाई नाही, रडणं नाही. कासारमामांनी शेवटी रिवाजाप्रमाणं हात जोडले, तिनं वाकून नमस्कार केला, आणि आम्ही घरी आलो. वाटेत ती बांगड्यांवरचं साबणाचं पाणी पदरानं पुसत चालली होती. निंगव्वा मात्र साऱ्या वाटेनं कानडीत काय काय बडबडत होती. मला अर्धंच कळलं, पण ते सगळं कौतुकाचं होतं.

पुढच्या रविवारी विलास मामाला घेऊन आला. माजघरात सतरंजी टाकली, आईनं चहा ठेवला. मामा भला माणूस. म्हणाले, पोराचा बाजारात पचका झाला, तरी त्यानं मोठ्या मनानं माफ केलंय. एवढंच की ह्यापुढं मुलीनं बाजारात जाऊ नये, कट्ट्यावर बसू नये, आणि ती मागल्या खोलीतली कानडी बाई दुसरीकडं घालवावी, तिच्या नादानं भाषा बिघडली. विलासचे डोळे भरलेले होते. तो आप्पांना म्हणाला, मी काय हात उगारला का, काळजीपोटीच धरला. ते त्याला मनापासून वाटत होतं, आणि आईलाही ते पटत चाललं होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. आक्का आतल्या दाराशी उभी होती. तिथूनच म्हणाली, "एक इचारू का?"

आप्पांनी मान हलवली.

ती विलासला म्हणाली, "बघाय आलता तवा माझं हसणं पसंत पडलं म्हणालता."

"व्हय."

"मग आता का नको?"

 विलास फार मऊ आवाजात म्हणाला, "तवा तू परकी हुतीस. आता माझी हायस. तुझं हसू माझ्यापुरतं ठेव."

आता खरं सांगते. किती गोड बोलला, असं वाटलं. आजच्या पोरी असलं वाक्य फोनवर एकमेकींना पाठवतील, हृदयं काढून. आक्कालाही ते गोड लागलं असावं. तरी ती म्हणाली, "ठेवून बघितलं मी. भिंतीकडं तोंड करून बसले, कुणासंगं हसले न्हाई. रविवारी तुम्ही आला, तर तुमच्यासंगं बी हसाय येईना. तुमास्नी ते कळलंच न्हाई." एवढं बोलून ती आत गेली, साखरपुड्याची साडी आणि अंगठीची डबी घेऊन आली. साडीची घडी मोडलेली नव्हती. मामांच्या पुढ्यात तिनं ते नीट ठेवलं. "मला न्हाई करायचं."

मामा गडबडले. आप्पांकडं वळून म्हणाले, "अहो, समजवा पोरीला. जन्मभर सोडलेली म्हणून नाव पडंल."

"सोडलेली न्हवं मामा," आक्का म्हणाली. "मी सोडलंय."

मग सगळे आप्पांकडं बघायला लागले. आई रडत होती. आप्पांनी साडीकडं बघितलं, आक्काकडं बघितलं. उंबऱ्याशी बसलेल्या मला वाटलं, आता तो काटा कुठल्या बाजूला झुकतो कोण जाणे. आप्पांनी कपबशी मामांच्या पुढं सरकवली. "च्या घ्या, गार हुतोय," म्हणाले. "घेऊन मग निघा. उन्हाच्या आत पोचाल."

झालं. फटफटी गेली. आई त्या दिवशी चुलीपुढून उठली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत होते तेव्हा तिनं आक्काचा पाट स्वतः उचलून कट्ट्यावर नेला आणि रस्त्याकडं तोंड करून मांडला. वर पुन्हा मलाच ओरडली, बघत काय बसलीस, शाळा न्हाई व्हय.

पुढं सगळं गोड झालं असं समजू नको. गावानं आक्काला 'बिडी मागणारी' असं नाव ठेवलं. स्थळं यायची आणि ते नाव ऐकून परत जायची. माझ्या लग्नाच्या वेळेलाही कुणी तरी तो विषय काढलाच. आईनं नवस केले, आत्यानं येणं बंद केलं. आक्का कट्ट्यावर बसून बिड्या वळत राहिली, आणि हसू लगेच परत आलं असंही नाही. हळूहळू आलं, एखाद्या दुखऱ्या पायानं चालावं तसं. बऱ्याच वर्षांनी तिला कंग्राळीचं स्थळ आलं. भाऊजी शेती करायचे, बोलणं आप्पांपेक्षाही कमी. त्यांचं नि तिचं भाजीतल्या मिठावरून, टीव्हीच्या आवाजावरून अजून रोज वाजतं. पण गल्लीच्या टोकाला ती हसली की ते घरात बसून म्हणतात, आली वाटतं, आणि चहाचं आधण ठेवतात. विलासचं पुढं काय झालं मला माहीत नाही. बरं झालं असावं, असं मी मनापासून म्हणते. त्याला तसं वागायला कुणी शिकवलं असं नाही, आणि तसं वागू नये हेही कुणी सांगितलं नव्हतं. आक्कानं सांगितलं.

तू मोठमोठी पुस्तकं वाचतेस, तनू. तुझ्याजवळ ह्या सगळ्याला शब्द आहेत, मराठीत आहेत, इंग्रजीत आहेत. आक्काजवळ एकच होता, तोही निंगव्वाकडून उसना घेतलेला, आणि वेळ आली तेव्हा तिनं तो वापरला. मी तुला त्या मुलाला सोड असं सांगत नाही. ते तुझं तू बघ. एवढंच बघ की त्याचा फोन वाजला की तुझ्या पोटात आनंद होतो की धस्स होतं. दिवाळीला मी तुझ्या खांद्याला खांदा लावून बसले होते, मला काय जाणवलं ते मी लिहीत नाही.

पुढच्या महिन्यात मालनआक्का माझ्याकडं राहायला येतेय. गुडघे गेलेत, पण तोंड शाबूत आहे. मी अर्धवट सांगितलेलं ती पुरं करेल, आणि मी कुठं कुठं खोटं लिहिलं तेही सांगेल. तू पुण्याहून सकाळच्या गाडीनं निघ. भरलं वांगं करते, ज्वारीची भाकरी करते, ह्या खेपेला तुझं ताट आजोबांच्या आधी वाढते, मग तर झालं? त्याला सांगून ये, त्यात काही वाईट नाही, आपल्या माणसाला सांगावं. विचारून मात्र येऊ नको. आणि लवकर ये गं. आम्हा दोघींना आता फार वाट बघवत नाही.